परतीची वेळ पायथ्याशीच ठरवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका दिवसात होणाऱ्या डोंगरभटकंतीची वर्णने अधूनमधून येतात. ती मी आवडीने वाचते आणि काहींची कात्रणेही जपून ठेवते. प्रत्येक वर्णनाच्या शेवटी एक छोटी चौकट असते आणि तिच्यात बहुधा तीनच गोष्टी दिलेल्या असतात: अंतर किती, वेळ किती आणि वाट ‘सोपी’, ‘मध्यम’ की ‘कठीण’. या पत्राचा विषय ती चौकट हा आहे. तिच्यात आणखी तीन ओळी घालाव्यात अशी माझी विनंती आहे, आणि त्या कोणत्या व का, हे सांगण्यासाठी मला आमच्या एका दिवसाची हकिकत थोडी विस्ताराने सांगावी लागेल. पत्र लांबले तर क्षमस्व.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा जण, महाविद्यालयापासूनचे मित्रमैत्रिणी, असेच एक वर्णन वाचून एका डोंगरावर गेलो. (ते वर्णन आपल्या पत्रात आलेले नव्हते, हे आधीच सांगते.) सगळे पन्नाशीच्या आसपासचे, दोघे नियमित धावणारे, माझ्यासकट तिघे सकाळी फिरायला जाणारे, आणि एक मैत्रीण अशी, की जिचा गुडघा दोन वर्षांपूर्वी दुखावला होता व आता पूर्ण बरा आहे असे ती ठासून सांगत होती. चौकटीत लिहिले होते: जाऊन-येऊन १४ किलोमीटर, पाच तास, मध्यम. साडेसहाला निघायचे ठरले होते. सहा माणसे, दोन गाड्या आणि एकाचे घरी राहिलेले बूट यांमुळे प्रत्यक्षात पहिले पाऊल पडले ते आठ वाजून दहा मिनिटांनी. पाच तासांचेच तर काम आहे, या समजुतीमुळे कोणालाही त्याचे काही वाटले नाही. संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, सहा जणांत दोन विजेऱ्या घेऊन, आम्ही पायथ्याला टेकलो. म्हणजे जवळपास अकरा तास. कोणाला इजा झाली नाही, कोणी हरवले नाही, बातमी व्हावी असे काहीच घडले नाही. आणि म्हणूनच लिहावेसे वाटते, कारण अपघाताच्या बातमीत जे शेवटी येते त्याच्या आधीच्या सगळ्या पायऱ्या आम्ही ओळीने चढून गेलो होतो. शेवटची तेवढी चुकली.

त्या वर्णनाने आम्हाला फसवले असे मात्र म्हणता येणार नाही. घरी आल्यावर मी समोच्च रेषांचा नकाशा उघडून बसले आणि हिशेब मांडला. शिखर पायथ्यापासून ८८० मीटर उंच आहे, पण वाट धारेवरून जाते आणि धार मध्येच एका खिंडीत उतरते. तिथे ११० मीटर उंची घालवावी लागते आणि पलीकडे तेवढीच पुन्हा चढावी लागते. जाताना एकूण चढ झाला ९९० मीटर. परत येताना तीच खिंड उलट्या बाजूने लागते, तेव्हा आणखी ११० मीटर. म्हणजे दिवसाचा एकूण चढ ११०० मीटर, आणि त्यातला शेवटचा तुकडा अशा वेळी, की जेव्हा सगळ्यांनी मनातल्या मनात ‘आता फक्त उतार’ असे म्हणून चढाचा विषय संपवलेला असतो. त्या खिंडीतून वर येणाऱ्या ११० मीटरांनी आमचा जितका जीव काढला तितका सकाळच्या पहिल्या ५०० मीटरांनीही काढला नव्हता. चौकटीत शिखराची उंची असती तरी हे कळले नसते. पायथ्याची उंची वजा केली असती तरीही नसते. वाटेतल्या सगळ्या लहानमोठ्या चढांची बेरीज केली तरच ते कळते, आणि ही बेरीज जो वाट चालून आला आहे त्याने वाचणाऱ्यासाठी करून ठेवणे फार अवघड नाही.

वेळेच्या अंदाजाचा एक जुना नियम आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आजच्या मापात तो साधारणपणे ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास असा वापरला जातो. आमच्या १४ किलोमीटरांचे झाले दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटे, ११०० मीटरांचे एक तास पन्नास. बेरीज चार तास अडतीस मिनिटे. वर्णन लिहिणाऱ्याने पाच तास लिहिले होते. तो खोटे बोलला नव्हता. तो स्वतः पाच तासांत जाऊन आला असणार. पण नेस्मिथने आपला नियम देतानाच तो बऱ्या प्रकृतीच्या माणसांसाठी आणि सोप्या भटकंतीसाठी असल्याचे म्हटले होते, आणि त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नाही. पाणी पिणे, बुटाची नाडी बांधणे, खाणे, वाट चुकून पन्नास पावले मागे येणे, छायाचित्रे, आणि सहा जणांनी एकमेकांची वाट पाहणे, यांतले काहीही त्यात नाही. शिवाय तो नियम उताराला काहीच किंमत देत नाही. ती उणीव पुढे एरिक लँगम्यूर यांनी भरून काढली: सौम्य उतारावर दर ३०० मीटरला दहा मिनिटे वजा करायची, पण तीव्र उतारावर दहा मिनिटे अधिक धरायची. उतार म्हणजे आपोआप वेग, हा समज किती चुकीचा आहे हे एवढ्या एका दुरुस्तीवरून कळावे. वॉल्डो टॉब्लर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रातही माणसाचा चालण्याचा वेग सर्वांत जास्त येतो तो शंभराला पाच इतक्या हलक्या उतारावर; उतार त्याहून तीव्र झाला की वेग पुन्हा घटत जातो.

आता सहा जण एकत्र चालण्याविषयी. आमचा एक मित्र अर्धमॅरेथॉन धावणारा आहे. तो पुढे. गुडघ्याची तक्रार असलेली मैत्रीण मागे. अंतर फार पडले की पुढचे एखाद्या सपाटीवर थांबत, पाणी पीत, गप्पा मारत, आणि ती येऊन पोहोचली की ‘चला, आले सगळे’ म्हणून उठत. हे मी स्वतः निदान चार वेळा केले आणि चारही वेळा मला आपण समजूतदारपणे थांबलो होतो असेच वाटले. खाली आल्यावर लक्षात आले ते असे, की जो सर्वांत दमला होता त्याला दिवसभरात विश्रांती सर्वांत कमी मिळाली, आणि जो दमलाच नव्हता त्याला सर्वांत जास्त. जाणती मंडळी सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे, निदान दुसऱ्या क्रमांकावर ठेवतात. ते मला पूर्वी केवळ सौजन्य वाटत असे. तो हिशेबाचा भाग आहे. त्यामुळे चालण्याचा वेग एकसारखा राहतो, थांबे सगळ्यांना सारखे मिळतात, आणि मुख्य म्हणजे घड्याळाकडे पाहून काढलेला अंदाज खरा ठरण्याची काही शक्यता उरते. पुढच्या माणसाच्या वेगावरून काढलेला अंदाज हा एका माणसाचा अंदाज असतो. सहा जणांचा गट मात्र त्याच्या सहाव्या माणसाच्या वेगाने पोहोचतो.

हकिकतीचा मुख्य भाग दुपारी एक वाजताचा आहे. सकाळी चालायला लागताना कोणीतरी म्हणाले होते, की ‘एकच्या सुमाराला बघू, नसलो पोहोचलो तर परत फिरू.’ सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. एक वाजला तेव्हा आम्ही शिखराखालच्या खांद्यावर होतो. माथा समोर दिसत होता, वर १८० मीटर चढ राहिला होता, आणि पायवाट मुरमाच्या घसाऱ्यावरून तिरपी वर गेलेली होती. आम्ही थांबलो. कोणीही घड्याळाचा उल्लेख केला नाही. धावणारा मित्र म्हणाला, ‘हे काय, अर्ध्या तासाचं तर आहे.’ मैत्रीण म्हणाली, ‘माझ्यामुळे कोणी थांबू नका.’ मी म्हणाले, ‘नाही गं, जाऊ या सावकाश.’ हे वाक्य मी का म्हणाले याचा मी नंतर बराच विचार केला आहे. मला वर जायचे नव्हते. माझ्या टाचेला फोड आला होता, पश्चिमेकडे ढग चढत होते, आणि सकाळपासून आपला सगळा हिशेब दीड-दोन तासांनी चुकलेला आहे हे मला स्वच्छ दिसत होते. पण इतरांना जायचे आहे असे मला वाटले, आणि सहा जणांचा दिवस आपण मोडायचा नाही, असे मी ठरवले.

आम्ही माथ्यावर पोहोचलो एक पंचावन्नला. निघालो दोन पस्तीसला.

आठवड्याने पुन्हा भेटलो तेव्हा बोलता बोलता उलगडले, की एक वाजता परत फिरावे असे सहांपैकी चौघांना वाटत होते. त्या चौघांत गुडघेदुखीची मैत्रीण होती, मी होते, आणि ‘अर्ध्या तासाचं तर आहे’ म्हणणारा मित्रही होता! तो म्हणाला, की सगळे थकलेले दिसले म्हणून त्याने धीर देण्यासाठी ते वाक्य टाकले. कोणी ‘नको’ म्हटले असते तर तो आनंदाने वळला असता. म्हणजे बहुमत परतण्याच्या बाजूचे होते आणि गट मात्र एकमताने वर गेला. जेरी हार्वे या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने १९७४ मध्ये नेमक्या याच प्रकाराला ‘ॲबिलीन विरोधाभास’ असे नाव दिले आहे. ॲबिलीन हे टेक्सासमधल्या एका गावाचे नाव. त्याच्या घरची माणसे रणरणत्या उन्हात तिथे जेवायला गेली, आणि परत आल्यावर कळले, की जायचे कोणालाच नव्हते. दुसऱ्यांना जायचे असेल असे समजून प्रत्येकाने होकार दिला होता. हार्वेचे म्हणणे असे, की माणसांच्या गटांना मतभेद सांभाळता येत नाहीत ही खरी अडचण नसून त्यांना एकमत सांभाळता येत नाही. अनोळखी लोकांच्या गटात हे कमी होत असावे असे माझे मत आहे. परक्या माणसाला ‘मला परत जायचंय’ असे सांगणे सोपे असते. तीस वर्षांच्या मित्रांसमोर आपण त्यांचा विरस करणारे ठरू नये, ही इच्छा फार बळकट असते, आणि डोंगरावर ती भलत्या वेळी भलते काम करते.

हे केवळ आमच्यासारख्या हौशी मंडळींचेच होते असे नाही. इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतील सातशेहून अधिक हिमलोट-अपघातांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये जे मांडले त्याचा आशय असा, की त्यांतल्या अनेक गटांना धोक्याची चिन्हे ओळखण्याचे शिक्षण मिळालेले होते आणि चिन्हे समोर दिसतही होती. त्यांना नडल्या त्या रोजच्या व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या मनाच्या सवयी: ओळखीच्या जागेवर असलेला विश्वास, एकदा ठरवलेले तडीस नेण्याची ओढ, इतरांच्या नजरेत चांगले दिसण्याची इच्छा, गटातल्या जाणत्या वाटणाऱ्या माणसावर भार टाकणे, दुसरे जात आहेत म्हणून आपणही जाणे. आमच्या वाटेवर बर्फ नव्हते आणि हिमलोटाचा प्रश्नच नव्हता. तरीही ही यादी मी वाचली तेव्हा दुपारी एक वाजताचा तो खांदा पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला.

म्हणून परतीची वेळ ही पायथ्याशी, सकाळी, पोट भरलेले आणि डोके थंड असताना ठरवावी, असे माझे सांगणे आहे. आणि ‘एकच्या सुमाराला बघू’ अशी नव्हे. ‘सुमाराला’ आणि ‘बघू’ या दोन शब्दांत सगळा घोळ आहे. सूर्यास्त केव्हा, त्यातून उतरायला लागणारा वेळ किती, त्यावर राखून ठेवायचे दोन तास, ही वजाबाकी करून एक आकडा काढावा, तो सगळ्यांनी मोठ्याने म्हणावा, आणि त्या आकड्याला आपण जिथे असू तिथून वळावे. असे ठरलेले असले म्हणजे वर कोणालाही ‘नको’ म्हणण्याचे ओझे उचलावे लागत नाही. घड्याळच ते म्हणते, आणि घड्याळावर कोणी रुसत नाही. त्या दिवशी सूर्य मावळणार होता सहा वाजून दहा मिनिटांनी. उतरायला साडेतीन तास धरले असते आणि दोन तास राखून ठेवले असते, तर आमची परतीची वेळ येत होती बारा वाजून चाळीस. म्हणजे आमचे ते ढोबळ ‘एक’ही उशिराचेच होते.

पूर्वी मी अशा शिस्तीची थट्टा केलेली आहे. एका दिवसाच्या भटकंतीला एव्हरेस्टचे नियम कशाला, असे मी म्हणत असे. तुलना विषम आहे हे मान्य. पण १९९६ च्या मे महिन्यातल्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवण्यासारख्या आहेत. योरान क्रॉप नावाचा गिर्यारोहक स्वीडनहून सायकलवर निघून एव्हरेस्टच्या पायथ्याशी आला होता. महिन्याच्या सुरुवातीला तो शिखराच्या शंभरेक मीटर खालपर्यंत पोहोचला, आणि आता वर गेलो तर उतरायला उजेड आणि ताकद पुरणार नाही, असे पाहून तिथून वळला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १० मे रोजी, अनेक जण दुपार बरीच उलटून गेल्यावरही वर जात राहिले, उतरताना वादळात सापडले, आणि १० व ११ मे या दोन दिवसांत त्या पर्वतावर आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत अनुभवी मार्गदर्शकही होते. क्रॉप २३ मे रोजी पुन्हा चढला आणि शिखरावर पोहोचला. हजारो मैलांची सायकल मारून आलेला माणूस शंभर मीटरांवरून वळू शकतो, आणि आम्हाला गाडीने तासाभराच्या प्रवासानंतर १८० मीटरांवरून वळता आले नाही, याची मला अजूनही थोडी लाज वाटते.

दुपारचे ढग हा योगायोग नसतो, हेही याच संदर्भात सांगायला हवे. सकाळपासून तापत गेलेल्या उतारांवरून उबदार हवा वर चढते, निवते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात, आणि हवेत पुरेसा दमटपणा असेल तर दुपारनंतर ते गडगडू लागतात. म्हणून माथा सकाळी गाठावा असे सांगतात. उघड्या धारेवर विजेच्या वेळी आसरा नसतो. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरांच्या आत पडते आहे असे समजावे, आणि तेव्हा धारेवर असू नये. आमच्या नशिबाने त्या दिवशी ढग नुसते जमले आणि विरले. वारा मात्र सुटला. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने माथ्यावर पायथ्यापेक्षा सुमारे सहा अंश कमी असणार. त्यात घामाने भिजलेले कपडे आणि वारा. चाळीस मिनिटे तिथे बसून आम्ही गारठलो, आणि दिवसभर बडबड करणारा आमचा एक मित्र एकदम गप्प झाला. आम्ही त्याची चेष्टा केली. शरीर गार पडू लागल्याची पहिली चिन्हे अशीच असतात, म्हणजे गप्प होणे, चिडचिड, अडखळणे, बोटांनी जाकिटाची चेन ओढता न येणे, आणि त्यासाठी तापमान शून्याखाली जावे लागत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कोरडा सदरा घातल्यावर आणि चालायला लागल्यावर तो पुन्हा बोलू लागला.

उताराने मात्र आमची खरी परीक्षा घेतली. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात आणि माणसाला दम लागतो. दम हा प्रामाणिक असतो, तो थांबायला लावतो. उतरताना तेच स्नायू भार पेलत पेलत ताणले जातात. त्यात प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे दम लागत नाही आणि आपण ताजेतवाने आहोत असा भ्रम होतो. पण अशा ताणाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होत जाते आणि त्यांचे बळ त्याच वेळी कमी होत असते. मांड्या थरथरू लागतात, गुडघा ऐनवेळी सुटतो, आणि पाऊल जिथे टाकायचे तिथे पडत नाही. वेदना मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होते, म्हणजे शहाणपण देण्याच्या कामी ती उशिराच येते. मुरमाच्या त्या घसाऱ्यावर आमची मैत्रीण दोनदा बसली, तिसऱ्यांदा मी. पुढे खिंड, खिंडीतून वरचे ते ११० मीटर, आणि मग जंगलाचा पट्टा. सूर्य मावळल्यावर उघड्यावर आणखी काही वेळ उजेड असतो. झाडीत तो आधीच संपतो. विजेऱ्या दोन होत्या, कारण दुपारी ‘जेवायला खाली’ येऊ असे समजून निघालेल्या माणसाला विजेरी लागत नाही. मोबाइलचे दिवे होते, पण नकाशाही त्याच मोबाइलमध्ये होता आणि बॅटरी एकच. शेवटचा दीड किलोमीटर आम्ही एकामागून एक, प्रत्येक विजेरीमागे तिघे, अशा रांगेने, बोलत बोलत उतरलो. त्या दीड किलोमीटरला एक तास लागला.

माझ्या पिशवीला शिटी होती. ती कशी वाजवायची हे सहांपैकी एकालाही माहीत नव्हते, म्हणून इथे लिहून ठेवते, पुरवणीच्या वाचकांना उपयोग होईल: मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा खूण करायची, शिटीने किंवा दिव्याने, मग एक मिनिट थांबायचे, मग पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचे ते मिनिटात तीन वेळा. आल्प्सच्या परिसरात १९व्या शतकाच्या अखेरीस रुजलेला हा संकेत आजही गिर्यारोहकांत मानला जातो.

माझ्या या सूचनेवर आमच्याच गटातून एक आक्षेप आला आहे आणि तो सांगणे न्यायाचे होईल. सहांपैकी ज्या दोघांना खरोखर वर जायचे होते, त्यांतला एक म्हणतो, की तो दिवस त्याच्या अलीकडच्या काही वर्षांतला सर्वांत चांगला दिवस होता. अंधारात रांगेने उतरतानाची ती सोबत त्याला शिखरापेक्षाही मोलाची वाटते. आणि सगळेच मिनिटामिनिटाने आखले तर मग डोंगरावर जायचे कशाला? मी त्याला खोटे ठरवू शकत नाही. ती रांग मलाही आठवते. मागच्याच्या बुटांचा आवाज ऐकत आणि पुढचीला ‘दगड आहे, डावीकडून’ असे सांगत चाललेले ते तासभर. पण त्या दिवशी मैत्रिणीचा पाय खरोखर मुरगळला असता, तर त्याच आठवणीचा सूर कसा असता हे त्याला विचारले तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, ‘ते मला मान्य आहे, पण तू वाक्य जरा कमी आवेशाने म्हण.’ तेही मान्य.

तर विनंती अशी. पुरवणीतल्या चौकटीत अंतर, वेळ आणि ‘मध्यम’ यांच्याबरोबर पुढील गोष्टी द्याव्यात. पहिली, जाता-येता मिळून एकूण चढ किती मीटर. शिखराची उंची नव्हे. दुसरी, दिलेला वेळ हा थांबे धरून आहे की सोडून, आणि तो किती जणांच्या गटाला लागला. एकट्या सरावलेल्या माणसाने काढलेला वेळ असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: लेखकाच्या मते त्या वाटेवर, त्या ऋतूत, परत फिरण्याची उशिरातली उशिराची वेळ कोणती. ‘मध्यम’ या शब्दाबद्दल माझे म्हणणे एवढेच, की तो लिहिणाऱ्याच्या पायांचे वर्णन करतो, वाटेचे नव्हे. तरीही तो ठेवायचा असल्यास ठेवावा. जागेची अडचण मी समजू शकते. तीन ओळींसाठी एखादे सूर्योदयाचे छायाचित्र थोडे लहान करावे लागले, तर निदान मी तरी तक्रार करणार नाही.

आम्ही सहा जण पुढच्या महिन्यात त्याच डोंगरावर पुन्हा जात आहोत. सहाला निघायचे आहे, गुडघेदुखीची मैत्रीण पुढे चालणार आहे, विजेऱ्या सहा आहेत, आणि परतीची वेळ बारा चाळीस ठरली आहे. मागच्या वेळच्या प्रत्येक टप्प्याच्या वेळा आणि चढाचे आकडे मी एका कागदावर लिहून या पत्रासोबत जोडले आहेत. ते छापावेत असा आग्रह नाही. आपल्या पुरवणीत ही वर्णने लिहिणाऱ्यांपर्यंत तो कागद पोहोचला तरी पुरे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक